मालक, पण कागदावरचा

गिरगावात चाळ असलेल्या माणसाला लोक अजून ‘मालक’ म्हणतात. म्हणोत बापडे. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४०च्या दराला बांधून टाकलं. इंग्रज गेले, संयुक्त महाराष्ट्र झाला, गिरण्या बंद पडल्या. भाडं जागचं हललं नाही. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद अवाजवी ठरवली, पण कायद्याची मुदत संपतच आली म्हणून तिला हात लावला नाही. मग २०००पासून नवा कायदा आला आणि मालकाला वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. साठ रुपये भाडं असेल तर दोन रुपये चाळीस पैसे! वसुलीला वर चढणाऱ्या मेहताजीचा चहासुद्धा त्यात बसत नाही.

पागडी मात्र, जी जुन्या कायद्यात गुन्हा होती आणि तरी सगळेच घेत, ती नव्यात रीतसर झाली. आता जिन्याचा कठडा हलतो. मालक म्हणतो, एवढ्याशा भाड्यात डागडुजी कशी करू? भाडेकरू विचारतो, पागडी घेतलीत तिचं काय केलंत? दोघंही खरं बोलतात, म्हणून तर खटला पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

२०२१ साली केंद्राने आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. घरासाठी दोन महिन्यांहून जास्त अनामत नको वगैरे सगळं आहे त्यात. फक्त जुन्या भाडेकरूंना तो लागू नाही, आणि स्वीकारायचा की नाही ही ज्या त्या राज्याची मर्जी.