आबांच्या झेनिटचे रूपांतर: रॉचेस्टरहून सविनय अहवाल

रॉचेस्टर, न्यूयॉर्क राज्य
कार्तिक वद्य पंचमी

तीर्थरूप आबा व तीर्थरूप आजी यांच्या चरणी रॉचेस्टरवासी कुटुंबाचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

फिल्मच्या कॅमेऱ्याचे डिजिटल कॅमेऱ्यात रूपांतर करणे म्हणजे, तत्त्वतः पाहता, एक वस्तू काढून तिच्या जागी दुसरी बसवणे होय: भिंगातून आलेले दृश्य जिथे उमटते तिथली रासायनिक लेप दिलेली पट्टी काढायची आणि सेन्सर, म्हणजे पडलेल्या प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करणारी सिलिकॉनची चिप, तिथे ठेवायची. तत्त्व एवढे सोपे असल्यामुळेच ‘रोलच्याच आकाराचे काहीतरी डिजिटल आणून आत टाकले की झाले, त्यात एवढे काय?’ असा प्रश्न आबांनी फोनवर विचारला असावा. त्याचे उत्तर देताना चिरंजीवांची जी त्रेधा उडाली ती ऐकून ‘जे सांगायचे ते कागदावर, पूर्ण वाक्यांत लिहून पाठवा’ अशी आज्ञा झाली. आबांची हयात विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासण्यात गेलेली असल्याने प्रस्तुत पत्राची भाषा त्या बेताने ठेवली आहे. आजींनी थेट शेवटच्या परिच्छेदाकडे वळण्यास हरकत नाही. खाण्याचा विषय तिथेच आहे.

प्रश्नाचे मूळ फिल्मच्या अंगकाठीत आहे. ३५ मिलिमीटरची फिल्म जाडीने मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढी असते, आणि कॅमेऱ्याच्या मागच्या दारावरील दाबपट्टी तिला दोन गुळगुळीत रुळांवर सपाट दाबून धरते. ज्या सपाटीवर ती अशी बसते तिला फिल्मप्रतल म्हणतात. आबांचा झेनिट-ई, म्हणजे मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्याचे अपत्य, भिंग फिरवून बसवण्याच्या जातीचा आहे. त्याच्या भिंगाच्या बैठकीपासून फिल्मप्रतलापर्यंतचे अंतर ४५.४६ मिलिमीटर असते, आणि या आकड्यातील दशांशचिन्हापुढचे अंक शोभेसाठी दिलेले नाहीत. शिवाय फिल्म दृश्य टिपतेही आणि साठवतेही, तिला वीज लागत नाही, आणि एका चित्राचे काम संपले की ती निमूटपणे गुंडाळली जाऊन पुढच्या कोऱ्या तुकड्याला जागा करून देते. सेन्सर फक्त टिपतो. टिपलेले वाचायला वेगळे मंडल, साठवायला वेगळे कार्ड आणि या सर्वांना पोसायला बॅटरी लागते, शिवाय सेन्सरच्या तोंडावर काच आणि पाठीवर जाड पट्टी असतेच. फिल्मच्या जागी हा सगळा संसार बसवू पाहणे म्हणजे पोथीच्या दोन पानांमध्ये पाटा-वरवंटा ठेवून पोथी पूर्ववत मिटावी असा आग्रह धरणे होय.

हा आग्रह धरणारे आबा एकटे नाहीत, हे त्यांच्या समाधानासाठी नमूद केले पाहिजे. १९९८ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने, जी पुढे सिलिकॉन फिल्म या नावाने ओळखली गेली, नेमकी अशीच वस्तू जाहीर केली: रोलच्या डबीच्या आकाराचा एक भाग, त्याला जोडलेली जिभेसारखी पट्टी आणि त्या पट्टीवर १३ लाख चित्रबिंदूंचा सेन्सर. (चित्रबिंदू म्हणजे चित्राचा सर्वांत लहान कण, आजच्या साध्या मोबाइलमध्येही ते कोटींनी असतात.) तिच्यात २४ फोटो मावणार होते आणि ती मोजक्याच कॅमेऱ्यांत बसणार होती. प्रदर्शनांतून ती दिसली, तिच्याविषयी छापून आले, पण दुकानात काही ती पोचली नाही आणि २००१ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. त्यानंतर दहा वर्षांनी एका डिझाइन संस्थेने तशाच डिजिटल रोलची देखणी चित्रे एप्रिल फूल म्हणून प्रसिद्ध केली, तेव्हाही अनेकांनी ती खरी मानली. कपाटात जुना कॅमेरा पडून असलेला मनुष्य या बाबतीत कशावरही विश्वास ठेवतो, आणि त्याला हसण्याचा अधिकार प्रस्तुत कुटुंबाने केव्हाच गमावला आहे.

ज्या गावातून हे पत्र लिहिले जात आहे त्या गावाचा या विषयाशी असलेला संबंध येथे सांगणे प्राप्त आहे, कारण ‘तुमच्या त्या बर्फाच्या गावात आहे तरी काय?’ हा आजींचा जुना आक्षेप आहे. रॉचेस्टर हे कोडॅकचे गाव. जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये २५ डॉलरला जो कोडॅक कॅमेरा विकायला काढला, त्यात १०० फोटोंचा रोल आधीच भरलेला असे, आणि तो संपला की ग्राहक १० डॉलरसह अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवून देत. इथे रोल धुऊन, फोटो छापून, कॅमेऱ्यात नवा रोल घालून सर्व ऐवज परत जाई. सांगलीहून आबांचा झेनिट पिशवीतून इथे आला ही गोष्ट, तेव्हा, गावाच्या परंपरेस धरूनच झाली. याच गावात १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन या कोडॅकच्या तरुण अभियंत्याने हातात उचलता येईल असा पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे वजन सुमारे ३.६ किलो होते, चित्रबिंदू अवघे १०,००० होते आणि एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. त्याचे भिंग सुपर-८ जातीच्या फिल्मच्या चित्रपट-कॅमेऱ्याचे होते, म्हणजे डिजिटल कॅमेऱ्यांचा मूळ पुरुषच जुन्या सामानातून उभा राहिलेला होता. सूनबाईंच्या जेवणाच्या टेबलावरील पसाऱ्याविषयी चिरंजीव काही बोलू लागले की हा दाखला त्यांच्यापुढे ठेवला जातो. पुढे १९९१ मध्ये कोडॅकनेच निकॉनच्या एफ-३ या फिल्मच्या कॅमेऱ्याला सेन्सरची पाठ जोडून व्यावसायिकांसाठी डिजिटल कॅमेरा विकला. त्याची किंमत एका चांगल्या मोटारीएवढी होती आणि फोटो साठवणारा २०० मेगाबाइटचा खोका छायाचित्रकाराने खांद्याला अडकवून वायरीसकट हिंडवायचा होता.

रूपांतर खऱ्या अर्थाने जमले ते ज्या कॅमेऱ्यांची पाठ मुळातच सुटी होते त्यांच्या बाबतीत. स्वीडनच्या हासेलब्लाड कॅमेऱ्यांत फिल्मची डबी मागून काढता-घालता येते, त्यामुळे तिच्या जागी डिजिटल डबी लावणे हा सुतारकामाचा प्रश्न उरत नाही, पैशाचा मात्र उरतो. १९५७ पासूनच्या बहुतेक कॅमेऱ्यांना बसेल अशी डबी त्या कंपनीने अलीकडे काढली आहे. जर्मनीच्या लायकानेही २००५ च्या सुमारास आपल्या आर-८ आणि आर-९ या कॅमेऱ्यांसाठी १ कोटी चित्रबिंदूंची डिजिटल पाठ विकली. झेनिटच्या कर्त्यांनी मात्र रशियन थंडी आणि ग्राहकाची आदळआपट यांपलीकडचा विचार केलेला दिसत नाही. त्याची पाठ म्हणजे कडीचे साधे दार आहे, आणि ‘पत्र्याला एक भोकही पडता कामा नये’ ही आबांची अट त्याहून पक्की आहे.

घरी करण्यात आलेला प्रयोग पुढीलप्रमाणे. सेन्सर म्हणून रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाला जोडायचा कॅमेरा-भाग घेतला, त्यात १.२३ कोटी चित्रबिंदू असून किंमत साधारण ५० डॉलर पडते. (‘एवढ्यात नवा कॅमेरा येत नाही का?’ हा आजींचा प्रश्न पोचला आहे. उत्तर विचाराधीन आहे.) त्याची पट्टी ३८ मिलिमीटर चौरस आणि झेनिटची फिल्मची खिडकी ३६ बाय २४, त्यामुळे पट्टी खिडकीबाहेर राहून केवळ सेन्सरचे तोंड नेमके फिल्मप्रतलात येईल अशी बैठक करणे भाग होते. त्यासाठी सूनबाईंनी आधी रुळांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा चिकटवून, शटर उघडे ठेवून, त्यावर खिडकीबाहेरचे झाड उलटे उमटवून पाहिले. ते रंगीत, उलटे आणि वाऱ्याने हलणारे झाड पाहून नातीने ‘मग चाललाच की कॅमेरा, आता कशाला उघडायचा?’ असा अभिप्राय दिला, जो या सर्व प्रकरणात व्यक्त झालेल्या मतांपैकी सर्वांत समंजस होता. तो मानला गेला नाही. त्यानंतर बैठकीखाली एकेक जाड कागद सरकवून सेन्सरची पातळी साधण्यात आली आणि या कामी एका लग्नपत्रिकेचे काप उपयोगी पडले, ज्यांची ती होती त्यांना हे कळवू नये. दार उघडे ठेवून त्या जागी येणारे काळे झाकण गावच्या ग्रंथालयातील त्रिमितीय छपाईयंत्रावर करून आणले असून संगणक व बॅटरी कॅमेऱ्याच्या बुडाशी, ट्रायपॉडच्या आट्याला, टांगलेली आहेत. ज्या कॅमेऱ्याचा प्रकाशमापकसुद्धा सेलेनियमच्या जोरावर सेलशिवाय चालतो त्याला आता रोज रात्री चार्जिंगला लावावे लागते.

यानंतर साडेतीन या संख्येचा विचार करणे आवश्यक ठरते. साडेतीन मुहूर्त आणि साडेतीन शक्तिपीठे मानणाऱ्या समाजाला ही संख्या मंगल वाटणे स्वाभाविक आहे, परंतु प्रस्तुत प्रकरणात ती दोनदा आडवी आली. पहिली गोष्ट अशी की, हा सेन्सर सुमारे ६.३ बाय ४.७ मिलिमीटरचा असल्याने फिल्मच्या चौकटीपैकी शेकडा जेमतेम साडेतीन भागच त्याच्या वाट्याला येतो. झेनिटबरोबर आलेले हेलिऑस भिंग ५८ मिलिमीटर नाभीय अंतराचे आहे, म्हणजे फिल्मवर ते साधारण डोळ्याला दिसते तसे दृश्य देते. पण चौकट एवढी आक्रसली की तेच भिंग लांब दुर्बिणीचा अवतार घेते. व्ह्यूफाइंडरमध्ये सोफ्यावर बसलेले सर्व कुटुंब दिसते आणि फोटोत चिरंजीवांची मिशी येते. याच भिंगाने टिपलेल्या फोटोंत कडांना पार्श्वभूमीची जी सुप्रसिद्ध भोवऱ्यासारखी गिरकी दिसते, तीही कडांबरोबरच बाहेर राहिली. दुसरी गोष्ट अशी की, सेन्सर फिल्मप्रतलाच्या एकच मिलिमीटर मागे राहिला तर या भिंगाला सुमारे साडेतीन मीटरपलीकडचे काही स्पष्ट दिसत नाही. उलट तीन मीटर रुंदीत उभे राहिलेले कुटुंब चौकटीत बसवायचे तर छायाचित्रकाराला जवळपास अठ्ठावीस मीटर मागे जावे लागते. म्हणजे लग्नपत्रिकेचा एखादा काप इकडचा तिकडे झाला की जिथून फोकस होतो तिथून कुटुंब मावत नाही आणि जिथून मावते तिथून फोकस होत नाही. सध्या काप जागेवर आहेत. दिवाळीचा फोटो रस्ता ओलांडून समोरच्या शेजाऱ्यांच्या हिरवळीवर उभे राहून काढला गेला, आणि जमिनीची मोजणी चालली असावी या समजुतीने शेजारी स्वतःच्या हद्दीची खूण दाखवायला बाहेर आले.

फोटो काढण्याची पद्धतही सांगितली पाहिजे, कारण ‘खट् असा आवाज येतो की नाही?’ हा आबांचा दुसरा प्रश्न होता. आवाज येतो, आणि तो दोनदा येतो. सेन्सरला झेनिटच्या कापडी शटरची गरज नाही, तो आपला उजेड आपणच मोजून घेतो. म्हणून शटर ‘बी’ या खुणेवर, म्हणजे बटण दाबले असेपर्यंत उघडे, असे ठेवले जाते. बटण दाबले की आरसा वर जातो, पडदा सरकतो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख होतो. पडदा उघडल्याची वर्दी पूर्वी ज्या टोचणीतून फ्लॅशला जात असे तिथूनच ती आता संगणकाला जाते, आणि तो फोटो घेतो. मग बटण सोडायचे. या दोन आवाजांच्या दरम्यान काय टिपले जात आहे हे छायाचित्रकाराला दिसत नाही, ज्यांचा फोटो निघतो त्यांना काम संपले की नाही ते कळत नाही, आणि कुटुंबातील सर्व चेहऱ्यांवर एक प्रकारची ताटकळलेली विनयशीलता येते, जी १९७० च्या दशकातील घरच्या फोटोंत पुष्कळ पाहायला मिळते. एवढ्यापुरते रूपांतर मूळ कॅमेऱ्याशी पूर्ण इमान राखून आहे असे म्हणता येईल.

निर्भेळ लाभ एकच झाला. फिल्मवर या भिंगाने चंद्राचा फोटो काढला तर अर्ध्या मिलिमीटरचा पांढरा ठिपका येई, आणि त्याला आबा अल्बममध्ये ‘चंद्र’ अशी चिठ्ठी चिकटवीत. आता तोच अर्धा मिलिमीटर साडेतीनशेच्या आसपास चित्रबिंदूंनी व्यापला जातो आणि त्यात विवरे ओळखू येतात. संकष्टीला चंद्रोदयाची खात्री करण्यासाठी सूनबाई आता पंचांगाच्या जोडीला झेनिट घेऊन मागच्या अंगणात जातात. मात्र रॉचेस्टरवर ऑन्टॅरिओ सरोवराकडून येणारे ढग थंडीभर ठाण मांडून असल्याने उपास सोडायचा निर्णय शेवटी पंचांगावरच घ्यावा लागतो.

शेवटी कामाचे. बटण दाबून धरायची एक लवचिक तार, जिच्या टोकाला अडकवायचा छोटा खिळा आहे, ती सांगलीच्या घरी गोदरेजच्या कपाटात वरच्या खणात, पासबुकांच्या मागे असावी. नसल्यास शिवणाच्या डब्यात पाहावे. तिच्यामुळे नातीचे बोट मोकळे होईल. ती डिसेंबरात इकडे येणाऱ्या मावशींबरोबर पाठवावी, पण मागील खेपेप्रमाणे भडंगाच्या पुड्यात खुपसून नव्हे, कारण तेलाने तार आणि तारेने भडंग अशी दोन्हींची हानी होते. भडंग वेगळे पाठवावे. ते दोन किलो असल्यास आजींचे उपकार होतील. आबांनी रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यावी आणि कॅमेऱ्याला भोक पडलेले नाही याविषयी निश्चिंत असावे. सोबत पाठवलेल्या फोटोत पत्रा चारही बाजूंनी दाखवला आहे. तो फोटो मोबाइलवर काढला आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

रॉचेस्टरहून
चिरंजीव, सूनबाई व नात