निसर्गाला लागली शिस्त

आमच्या प्रभागातील चिमुकल्या निसर्ग उद्यानाचा जीर्णोद्धार झाला, त्याबद्दल सर्व संबंधितांचे त्रिवार अभिनंदन. पूर्वी येथे माती होती आणि पावसाचे सगळे पाणी ती एकटीच पिऊन टाकी. आता सर्वत्र पेव्हर ब्लॉक असल्याने पाणी थेट नागरिकांच्या दारी पोहोचते. उंबर-करंजाच्या बुंध्यांना सिमेंटची गळाबंद कॉलर चढवली आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली झाडांभोवतीचा एक मीटर मोकळा करायला सांगितले होते खरे. पण ती दिल्लीची झाडे, लाडावलेली. पालापाचोळा हटवला, तशी गांडुळे गेली, मागोमाग पक्षी. ती उणीव फायबरच्या मोराने भरून काढली. तो बाकांवर घाणही करत नाही. पुढील टप्प्यात उरलेली सावली काढण्याचे योजले आहे, कारण सौरदिव्यांना तिचा उपद्रव होतो.

माहीमच्या कचराभूमीवर माती टाकून, झाडे जगवून १९९४ साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुले झाले. तिथे कचऱ्याचे उद्यान करायला वर्षानुवर्षे खपावे लागले. आम्ही उलट दिशेचे काम एकाच निविदेत, ३१ मार्चच्या आत पूर्ण केले.