तमाशा तीन पैशाचा, तिकीट हजाराचं

आदरणीय निर्माते महोदय,



आपण ‘तीन पैशाचा तमाशा’ पुन्हा रंगमंचावर आणताय अशी कुणकुण लागली, म्हणून हा पत्रप्रपंच. तसं हे नाटक मराठीत कायमच ‘येणार’ असतं. मध्यंतरातल्या वड्याबरोबर विषय निघतो, एखादे ज्येष्ठ रसिक ‘आम्ही नंदू भेंडेचा अंकुश बघितलाय’ म्हणतात आणि बाकीचे आपण उशिरा जन्मल्याची शरम वाटून वड्याकडे बघत राहतात. इतक्या लोकांनी न पाहता इतकं प्रेम केलेलं दुसरं नाटक मराठीत क्वचितच असेल. व्यवसायाच्या दृष्टीने यासारखा माल नाही. ज्यांनी पाहिलंय ते आठवणीसाठी येतील आणि ज्यांनी पाहिलेलं नाही ते पाहिलेल्यांची बडबड एकदाची थांबावी म्हणून येतील.

मुहूर्तही आपण असा शोधलाय की पंचांगकर्त्यांनी शिकवणी लावावी. २०२८! जॉन गेचा ‘द बेगर्स ऑपेरा’ लंडनला १७२८ साली आला. त्यावरून ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी बर्लिनला केलेला ‘थ्री पेनी ऑपेरा’ १९२८चा. त्यावरून पु. ल. देशपांड्यांनी लिहिलेला आणि डॉ. जब्बार पटेलांनी थिएटर अकॅडमीसाठी बसवलेला तमाशा १९७८चा. म्हणजे ३००, १०० आणि ५०. एका तिकिटात तीन महोत्सव! वर जीएसटी एकदाच.

आपल्या जाहिरातीच्या मसुद्यात ‘मूळ संगीत, मूळ संहिता, मूळ बाज’ असं तीनदा ‘मूळ’ आहे म्हणे. या आग्रहाचं मला विशेष कौतुक वाटलं, कारण आपण ज्या घराण्यात सोयरीक करताय तिथे ही गोष्ट आजवर कोणी पाळलेली नाही. गेने ६९ गाण्यांसाठी चाली घेतल्या त्या बहुतांशी लोकांच्या तोंडी आधीच बसलेल्या. त्या त्याने चोर, वेश्या आणि तुरुंगाधिकाऱ्यांना गायला लावल्या. एका दगडात इटालियन ऑपेराची टर आणि पंतप्रधान वॉलपोलची खोडी. (पुढच्या ‘पॉली’ नाटकाचा प्रयोगच सरकारने होऊ दिला नाही, यावरून दगड बसला असावा.) मग १९२०मध्ये लंडनच्याच हॅमरस्मिथला हे नाटक पुन्हा उभं राहिलं, तब्बल १,४६३ प्रयोग झाले, आणि त्याचा गवगवा बर्लिनपर्यंत गेला. एलिझाबेथ हाउप्टमन या बाईंनी जर्मन भाषांतर केलं आणि ब्रेख्तने ते हातात घेतलं. गाण्यांसाठी त्याने फ्रांस्वा व्हियोंच्या कविता दुसऱ्याच माणसाच्या भाषांतरातून उचलल्या. आल्फ्रेड केर या समीक्षकाने बोभाटा केला, तेव्हा बौद्धिक मालमत्तेच्या बाबतीत आपण मुळातच ढिले आहोत, असं ब्रेख्तने शांतपणे सांगून टाकलं. मानधनाच्या वाटणीत मात्र तो ढिला नव्हता. त्याला साडेबासष्ट टक्के, वाइलला पंचवीस आणि हाउप्टमनबाईंना साडेबारा.

सांगायचं काय, तर हे अट्टल उचल्यांचं खानदान आहे. पण एक शिस्त त्यांनी पाळली. चोरलेला माल प्रत्येकाने आपल्या गल्लीत आणून विकला. वाइलने गेच्या चालींपैकी एखाददुसरी सोडून बाकी बाजूला ठेवल्या आणि बर्लिनच्या रात्रींत वाजणारा जॅझ घेतला. आपल्याकडे भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे यांचे हात लागले. वाइलच्या चाली तशाच्या तशा आणून मराठी कोंबायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. लोकसंगीत आणि पाश्चात्त्य रॉक हे दोघं एका मंचावर आले आणि कोणी कोणाची माफी मागितली नाही. आता आपण १९७८चं संगीत जसंच्या तसं, काचेच्या कपाटात ठेवल्यासारखं वाजवणार. तीनशे वर्षांत या नाटकाशी असा वेडावाकडा प्रकार, म्हणजे इमानदारी, पहिल्यांदाच होतेय. अभिनंदन.

आता पात्रनिवडीकडे वळतो, कारण खरी रात्र आपण तिथेच जागवत असणार.

अंकुशसाठी, म्हणजे नाटकाच्या नायकासाठी, मालिकेतला नायक नक्की झाला असं कळलं. उत्तम! त्याला रोज रात्री साडेआठला लाखो घरं ओळखतात आणि त्याच्या नावावर नाशिकपासून सोलापूरपर्यंत दौरा लागेल. गाता येतं की नाही हा प्रश्न क्षुद्र आहे, ट्रॅक कशासाठी असतो? उगाच कोणी १९७८चा दाखला दिला तर घाबरू नका. तेव्हा थिएटर अकॅडमीने जो माणूस आणला, तो नंदू भेंडे, मुंबईच्या इंग्रजी रॉक बँडमधला गाणारा. ॲलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्यूडास झालेला. आत्माराम भेंड्यांचा मुलगा असला तरी मराठी नाटकाच्या प्रेक्षकाला त्याच्या गळ्यातून काय निघेल याचा अंदाज नव्हता. असली जोखीम आपल्यासारख्या जबाबदार माणसाने घेऊ नये. त्या हिशेबाने आज अंकुश शोधायचा तर धारावीत रॅप करणाऱ्या एखाद्या पोराकडे जावं लागेल. तो पोरगा तालमीत स्वतःचे शब्द घुसडेल, बेंजो पार्टीतले दोन मित्र बरोबर आणेल आणि पहिल्या रांगेतल्या काकूंना काही कळणार नाही. १९७८लाही काही काकूंना कळलं नसेलच, पण तेव्हा पहिली रांग हजाराची नव्हती.

आपण काही जणांकडे ‘मूळ कलाकारांपैकी कोणाचा नातू वगैरे गातो का’ अशीही चौकशी केलीत म्हणे. यामागचा विचार मला पटतो. ‘कट्यार काळजात घुसली’ पुन्हा आलं तेव्हा खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांड्यांचे नातू राहुल होते आणि लोकांना भरून आलं. त्यात एवढीच अडचण, की ते नातू असण्याबरोबर गवईही होते. आडनावाच्या जोडीला तेवढा एक गुण मिळवता आला तर बघा.

झिलमिलची भूमिका म्हणजे वाइल-ब्रेख्तची जेनी. ती बर्लिनला वाइलची बायको लोटे लेन्या हिने केली, आणि पहिल्या प्रयोगाच्या छापील पत्रिकेत तिचं नाव घालायचंच राहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती कोण हे लोक विचारू लागले. आपल्याकडे ही भूमिका माधुरी पुरंदऱ्यांची. चित्रकलेचं शिक्षण, फ्रेंचचा व्यासंग, पुढे पिकासोवर पुस्तक आणि मुलांसाठी केवढं तरी लेखन. अशा बाई हल्ली ऑडिशनला येत नाहीत. आल्या तरी त्यांचे फॉलोअर्स किती, हा रकाना त्या कोरा ठेवतील. रिॲलिटी शोची विजेती बरी. तिला टाळ्यांसाठी कुठे थांबायचं ते माहीत असतं.

मात्र स्टार घेण्याला माझा सरसकट विरोध आहे असं समजू नका, इथे मी खरंच गंभीर आहे. बर्लिनला मॅकीचं, म्हणजे त्यांच्या अंकुशचं, काम हाराल्ड पाउल्झन या ऑपेरेटातल्या लाडोबाने केलं. त्याला गळ्यात निळा बो-टायच हवा होता आणि प्रवेश दणक्यात हवा होता. ब्रेख्त-वाइलने त्याचा हट्ट पुरवला, तोही असा, की प्रयोग तोंडावर आला असताना त्याच्या गुन्ह्यांची यादी गाणारं एक रस्त्यावरच्या गवयांच्या वळणाचं गाणं लिहिलं आणि ते दुसऱ्याच पात्राला दिलं. ‘मॅक द नाइफ’ म्हणून पुढे जगभर गाजलं ते हेच. पहिल्या रात्री पहिल्या कडव्याला हातऑर्गन वाजलाच नाही, तरीही. तेव्हा आपल्या नायकाने हट्ट केला तर लगेच व्हॅनिटी व्हॅन मागवू नका, आधी एखादं गाणं निघतंय का ते बघा. अर्थात त्यासाठी तालमीला नाटककार आणि संगीतकार बसलेले असावे लागतात. चंदावरकर २००९मध्ये गेले, भेंडे आणि मोडक दोघंही २०१४मध्ये. पुल तर त्याच्याही आधी, २०००मध्ये. त्यामुळे आपल्या तालमीत हरकत घ्यायला कोणी नाही, आणि भर घालायलाही.

सूत्रधाराला विनोदी कार्यक्रमातलं कोणी घेताय. तो वाहतूक कोंडीवर दोन पदरचे विनोद घालेल. घालू द्या. या लफड्यात पुलंच्या आत्म्याला सगळ्यात कमी त्रास त्याचाच होईल.

गाणाऱ्या समूहाची काटछाट मात्र मला समजते. चोर, भिकारी, पोलीस, शिवाय वादक. एवढ्यांची नाईट द्यायची, दोन बस करायच्या, प्रत्येक गावी जेवणं घालायची, हे आजच्या गणितात बसत नाही. ही काही आपली हौस नाही, थिएटरचं भाडं आणि तारखांची मारामार मलाही माहीत आहे. थिएटर अकॅडमीच्या मंडळींचं बरं होतं. दिग्दर्शक दौंडचे बालरोगतज्ज्ञ, सतीश आळेकर बी. जे. मेडिकलमध्ये जीवरसायनशास्त्रात. पोटाची सोय दुसरीकडे असल्याने महिनोनमहिने तालमी करायची चैन त्यांना परवडत होती. ‘घाशीराम कोतवाल’मधला माणसांचा पडदा असो की तमाशातली गर्दी, कल्पनेला लागतील तेवढी माणसं होती. आपल्याकडे चौघांनी अकरा भिकारी करायचे आणि बाकीचे एलईडी पडद्यावर. मुंबईतल्या भिकाऱ्यांची संख्या घटल्याचा एवढा ठोस पुरावा सरकारलाही देता आला नसता. एखाद्या मंत्रिमहोदयांना उद्घाटनाला बोलवाच.

‘फक्त २५ प्रयोग’ हे शब्द जाहिरातीत ठळक ठेवा. सव्विसाव्याला ‘लोकाग्रहास्तव’ घालता येतं.

आपला,
पंधराव्या रांगेतला एक जुना गिऱ्हाईक

ता. क. प्रायोजक म्हणून एक सहकारी बँक पुढे आल्याचं आत्ताच समजलं. ब्रेख्तच्या संहितेत शेवटाकडे बँक लुटणं आणि बँक काढणं यात मोठा गुन्हा कोणता, असा सवाल आहे. आपले दिग्दर्शक ती जागा गाळायच्या विचारात आहेत म्हणे. गाळू नका. बर्लिनमध्ये ज्या सुखवस्तू मंडळींना हे नाटक झोडपत होतं, त्यांनीच पुढच्या खुर्च्या भरून ते डोक्यावर घेतलं होतं. आपले अध्यक्षही त्या वाक्याला सगळ्यात मोठ्याने हसतील आणि शेजारच्या बँकेच्या अध्यक्षांना कोपराने ढोसतील. दोघांनाही पास पाठवा.