श्री, नग १

रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही जुन्या पेढीत जा. शेठ गल्ल्यावर असोत-नसोत, दिवाणजी असतात. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशात दोन पेनं (एक स्वतःचं, दुसरं गिऱ्हाइकाला द्यायचं, त्यात शाई नसते) आणि चेहऱ्यावर समोरचा उधारीच मागायला आलाय असा कायमचा भाव. पेढीत माल किती आहे हे फक्त त्यांना ठाऊक असतं आणि ते सांगत नाहीत. "अर्ध्या इंचाचे एल्बो आहेत का?" म्हणून विचारा. "असतील," म्हणतात. मग अर्धा कप चहा संपवून हमाल पोराला हाक मारतात, "अरे, आतल्या खोलीत, गळक्या कौलाच्या डावीकडे, मांजर व्यायली होती तिथं बघ." एल्बो तिथंच असतात.

मी सांगतोय ते दिवाणजी अलिबागच्या पेढीतले. पत्रे, पाइप, रंग, बोटींचे दोर, ताडपत्र्या असा धंदा. रेवदंडा, मुरूड आणि श्रीवर्धनला एकेक गोडाऊन. शेठचा धाकटा पुण्याहून एमबीए करून आला, तेव्हाच आता पेढीवर काहीतरी येणार हे दिवाणजींनी ओळखलं. आला तो सल्लागार. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसकट तासाभरात मांडव्याला उतरल्यामुळे, या किनाऱ्यावर सगळंच तासाभराच्या अंतरावर असतं असा त्याचा समज झालेला. त्याने लॅपटॉपवर नकाशा उघडला. तिन्ही गोडाऊनं बंद, वडखळला एकच मोठं गोडाऊन, मागणी येईल तसा तिथून माल, आणि सगळा साठा संगणकावर. मुरूडहून श्रीवर्धनला त्याने एक सरळ, तांबडी रेघ मारली.

"साहेब, हा ट्रक पोहणारा घेणार का?" दिवाणजींनी अत्यंत आदराने विचारलं.

मध्ये राजपुरीची खाडी आहे. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने जायचं, नाहीतर म्हसळ्याकडून भला मोठा वळसा घालायचा. सल्लागाराने रेघ थोडी वाकडी केली. वडखळचं नाव निघालं तेव्हा मात्र दिवाणजी हसले, असं प्रत्यक्षदर्शी सांगतात. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. वडखळच्या नाक्यावर खोळंबण्यात दिवाणजींची उमेदीची वर्षं गेलेली. मग त्यांनी सल्लागाराला निसर्ग वादळ ऐकवलं. ३ जून २०२०. पत्रे गावोगाव उडालेले, वीज गेलेली, आणि कंदिलाच्या उजेडात कुणाकडे किती पत्रे उधार गेले ते दिवाणजी वहीत मांडताहेत. "तेव्हा तुमचं मशीन काय करणार होतं?" सल्लागार म्हणाला, बॅटरी बॅकअप. कंदिलाला जे तेल लागतं तेच झालं की, असं म्हणून दिवाणजींनी चर्चा संपवली.

तरीही पाडव्याला संगणकाला हळदकुंकू लागलंच. पहिली नोंद अर्थातच दिवाणजींनी केली. पहिल्या पानावर 'श्री' लिहिल्याशिवाय वही सुरू होत नाही, तशी यादी कशी होईल? मालाचं नाव: श्री. पण यंत्र नग विचारल्याशिवाय पुढे सरकेना. दिवाणजींनी डोळे मिटून विचार केला आणि टाकलं, नग १. ठेवण्याची जागा? 'सर्वत्र' लिहिलं, ते यंत्राने घेतलं नाही. मग 'गल्ल्याच्या वर' लिहिलं. तसबीर तिथं होतीच.

पुढची घटना चौलच्या एका बागायतदाराच्या पत्र्यांची. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, पण हा बदल दिवाणजींनी मनावर घेतलेला नाही. पत्ता ते अजून 'मु. चौल, जि. कुलाबा' असाच सांगतात. त्यांनी 'कुला' एवढंच टाइप केलं तर यंत्राने आपण होऊन 'कुलाबा' लिहिलं आणि पुढे पिन टाकला ४००००५. जाणतं आहे हो, दिवाणजी कौतुकाने म्हणाले. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे टेम्पोवाल्याने मुंबईतल्या रिगल थेटराजवळून फोन करून विचारलं, "दिवाणजी, इथं नारळाची वाडी नेमकी कुठं?"

आता कान उपटले जाणार म्हणून दिवाणजी मान खाली घालून बसले होते. तेवढ्यात सल्लागारच म्हणाला, "सिस्टिम एरर आहे." दिवाणजींनी हळूच मान वर केली. उभ्या आयुष्यात प्रत्येक चूक एकतर स्वतःच्या नाहीतर हमालाच्या नावावर टाकावी लागलेली. आणि हे टेबलावर बसलेलं, पगार न घेणारं, उलट न बोलणारं तिसरं माणूस! त्या दिवसापासून सॉफ्टवेअरचा त्यांच्याइतका कट्टर पुरस्कर्ता पेढीत दुसरा नाही.

मे महिन्यात आगोटीसाठी, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीसाठी, ताडपत्र्या तडाखेबंद खपल्या. तो खप पाहून यंत्राने ऑगस्टसाठी दुप्पट मागवायला सांगितलं, आणि आगोट म्हणजे काय हे मनोमन जाणणाऱ्या दिवाणजींनी चकार शब्द न काढता मागवल्या. "सिस्टिमचं म्हणणं." मासेमारीची बंदी उठायच्या आधी नाखवा बोटीच्या रंगासाठी आला. डबा फळीवर, नाखव्याच्या नाकासमोर.

"सिस्टिममध्ये शिल्लक नाही," दिवाणजी म्हणाले.

"अहो, हा काय समोर!"

"दिसतोय. मीही बघतोय. पण नाही."

नाखवा दर्यात जन्म काढलेला माणूस, तोही गप्प झाला. पूर्वी 'असतील' म्हणताना निदान माल मिळायचा.

वर्षअखेरीला साठामोजणी झाली. पत्रे जुळले, दोर जुळले, ताडपत्र्या तर नको तितक्या जुळल्या. कमी भरला फक्त एक नग: श्री. तशी यंत्राची कुरबुर आधीपासूनच होती. किमान साठा पाचाचा, हा नियम सरसकट लावलेला, त्यामुळे दर सोमवारी सूचना यायची: 'श्री: चार नग मागवा.' दिवाणजी ती नमस्कार करून पुसून टाकत.

"राइट-ऑफ करून टाकू," सल्लागार म्हणाला.

"देवाला खर्ची टाकायचं?" दिवाणजींनी चष्मा पुसला. "टाका की. मंजुरीच्या रकान्यात नाव तेवढं तुमचं येईल."

सल्लागाराने शेठांकडे पाहिलं, शेठांनी धाकट्याकडे, धाकट्याने मोबाइलकडे. अहवालात सध्या असं आहे: फरक, एक नग. कारण, तपास चालू.