गळती कालव्यात, कात्री दुधावर

खडकवासला धरणात उपयुक्त पाणी मावतं 1.97 टीएमसी. वरसगाव, पानशेत, टेमघर आणि खडकवासला या चौघांत हे सगळ्यांत लहान. वरच्या तिघांचं पाणी इथे येतं आणि इथून कालव्याने पुढे जातं. खडकवासला ते फुरसुंगी या सुमारे 28 किलोमीटरच्या टप्प्यात उघड्या कालव्याऐवजी बोगदा काढायची योजना आहे. पाझर, बाष्पीभवन आणि चोरी यांत जाणारं दोन टीएमसीहून जास्त पाणी त्याने वाचेल, असा जलसंपदा विभागाचा हिशेब. म्हणजे अख्खं खडकवासला धरण भरेल एवढं पाणी वाटेतच जातंय.

हा आकडा मला परवा शेजारच्या स्वयंपाकघरात आठवला. घर कर्जात आहे. उपाय म्हणून दूध दीड लिटरवरून एक लिटरवर आलंय, पेपर बंद झालाय, मुलीचा चित्रकलेचा क्लास सुटलाय. आणि त्याच घरात क्रेडिट कार्डावर 60,000 रुपये थकलेत. दर महिन्याला त्यातला फक्त ‘मिनिमम ड्यू’ भरला जातो.

बसून हिशेब केला. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर 2,100 रुपये. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 378. झाले 2,478. मिनिमम ड्यू साधारण पाच टक्के, म्हणजे 3,000. घरातून 3,000 जातात आणि मुद्दल कमी होतं 522 रुपयांनी. अर्धा लिटर दूध तोडून महिन्याला 900 रुपये वाचवले, ते त्या व्याजाच्या निम्मेसुद्धा नाहीत.

माझा राग इथे आहे. कर्ज फेडायचं म्हटलं की आपल्याकडे पहिली कात्री स्वयंपाकघरावर चालते. दूध, फळं, बाईची चप्पल, मुलांचा क्लास. ज्यांच्या हाताने कर्ज झालं नाही, त्यांच्याच ताटातून ते फेडायला सुरुवात होते. आणि ज्या कागदावर व्याजाचा दर लिहिलेला असतो, तो कपाटाच्या खणात तळाशी.

तो कागद आधी बाहेर काढा. सगळी देणी लिहा आणि प्रत्येकापुढे महिन्याचं व्याज टक्क्यांत नको, रुपयांत लिहा. टक्क्यांत माणूस फसतो. ‘शेकडा तीन’ ऐकायला किरकोळ वाटतं. वर्षाचे छत्तीस होतात हे मनात येत नाही. घरकर्जाचा हप्ता सर्वांत मोठा असतो म्हणून त्याचीच धास्ती असते, पण व्याजाने ते बहुधा सर्वांत स्वस्त असतं. महाग असतात ती छोटी देणी: कार्ड, मोबाइलवरच्या ॲपचं झटपट कर्ज, आणि गावातला तो ‘ओळखीचा माणूस’.

त्या ओळखीच्या माणसाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जमिनींना भाव आल्यापासून या पट्ट्यात रोख पैसा फिरतो, आणि तो शेकडा पाच, शेकडा दहाने फिरतो. महिन्याला दहा टक्के! वर सही केलेले कोरे धनादेश तारण. महाराष्ट्रात 2014 पासून सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. परवानाधारक सावकारालाही शेतीशिवायच्या विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांची मर्यादा घालून दिलेली आहे, आणि चक्रवाढ व्याज लावता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करायची असते. सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे. ‘गावात वाईटपणा येईल’ म्हणून लोक गप्प बसतात. शेकडा दहाने दुसऱ्याचं घर पोखरणाऱ्याला वाईटपणा वाटत नाही, तर तो तुम्ही का घ्यायचा?

आता बिलं. वीजबिलात वाचवायला खरंच जागा आहे, फक्त ती कुठे आहे हे कळलं पाहिजे. महावितरणचे घरगुती टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात. शंभरच्या पुढच्या युनिटला जवळपास दुप्पट दर लागतो. म्हणजे महिन्याला 130 युनिट जाळणाऱ्या घराने पहिल्या शंभराची चिंता सोडून वरच्या तिसांवर नजर ठेवावी. जुना पंखा 75 वॉटचा असतो, नवा बीएलडीसी पंखा 30 वॉटच्या आसपास. रोज पंधरा तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात, म्हणजे सव्वादोनशे रुपये. पंख्याची किंमत साधारण वर्षभरात निघते. मुदतीनंतर बिल भरलं की 1.25 टक्के विलंब आकार लागतो, तो तर निव्वळ विसराळूपणाचा दंड. एवढं केलं की पुरे. दिवा चालू राहिला म्हणून आजोबांवर ओरडणं थांबवा. नऊ वॉटचा एलईडी रात्रभर जळला तरी युनिटाचा दहावा हिस्साही होत नाही.

पाण्याच्या खर्चाला मात्र हात लावू नका. धरणाच्या काठावर राहून पिण्याचं पाणी विकत घ्यावं लागतं, ही या भागाची खरी शरम आहे. जानेवारी 2025 मध्ये नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या पट्ट्यात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, दूषित पाण्याचा संशय आला, आणि खासगी जार भरणाऱ्या प्रकल्पांतले काही पाण्याचे नमुनेही पिण्यालायक नाहीत असं निघालं. तेव्हा जार बंद करून पैसे वाचवायचे असतील तर पाणी उकळून घ्या, आणि तो गॅस खर्चात धरा. आरोग्यविम्याचा हप्ताही थकवू नका. कर्जबाजारी घराला एक रुग्णालयाचं बिल पुन्हा तळाशी नेतं, हे मी जवळच्या दोन घरांत पाहिलंय.

खर्च कापायला शेवट असतो. त्यानंतर कमाईच वाढवावी लागते. खडकवासल्यात ही कमाई डोळ्यांसमोर उभी आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी चौपाटीवर सगळं पुणं लोटतं. कांदाभजी, भाजलेलं कणीस, चहा. वर गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांनी मुलांची शिक्षणं त्या कढईवर केली आहेत. जे गाडी लावू शकत नाहीत ते नांदेड सिटीच्या बाजूला पोळी-भाजीचे डबे देतात, दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेतात.

या कमाईत दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे ती हंगामी आहे. एप्रिलच्या उन्हात भज्यांचा घाणा थंड असतो. रविवारच्या गल्ल्यावर बारा महिन्यांचा नवा हप्ता बांधून घेतला की गणित फसतं. दुसरा खड्डा असा की हा पैसा रोज थोडा थोडा येतो आणि तसाच जातो. म्हणून रविवारी रात्री पीठ, तेल, कांदे, गॅस यांचे पैसे बाजूला काढायचे आणि उरलेले सोमवारी सकाळी कर्जात भरायचे. महिनाअखेरीपर्यंत थांबायचं नाही, कारण कार्डाचं व्याज रोजच्या बाकीवर चालतं. सोमवारी भरलेल्या 1,500 रुपयांवरचं व्याज त्या दिवसापासून थांबतं.

गाडीसाठी भांडवल लागलं तर पुन्हा कार्ड घासू नका. खडकवासला 30 जून 2021 रोजी पुणे महापालिकेत आलं, त्यामुळे इथल्या पथविक्रेत्याला पीएम स्वनिधी योजनेचा दरवाजा आहे. जून 2020 मध्ये ती सुरू झाली. पहिलं कर्ज आता 15,000 रुपयांपर्यंत मिळतं, वेळेवर फेडलं तर व्याजावर 7 टक्के अनुदान. महापालिकेचं प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. बचत गटातलं कर्ज साधारण महिन्याला दोन टक्क्यांनी मिळतं. ते स्वस्त म्हणता येणार नाही, पण ते व्याज निदान गटातल्या बायकांकडेच राहतं. ‘घरबसल्या रोज हजार कमवा’ म्हणून आधी पैसे भरायला सांगणारा संदेश मात्र पुसून टाका. भरून बसला असाल तर लगेच 1930 वर फोन करा, तासभरसुद्धा दवडू नका.

आणि हेही सांगतो: जादा कमाई म्हणजे बहुतेक घरांत बाईची तिसरी पाळी. नोकरी किंवा शेत, मग घर, आणि वर भज्यांची गाडी. कर्ज दोघांचं असेल तर कांदे दोघांनी चिरावेत.

महाग कर्ज स्वस्तात बदलायचं म्हटलं की घरातल्या सोन्याचा प्रश्न येतो. 60,000 कार्डावर ठेवले तर जीएसटी धरून व्याज महिन्याला 2,478. तेवढंच कर्ज बँकेत सोनं तारण ठेवून वर्षाला दहा टक्क्यांनी घेतलं तर व्याज 500. हा फरक कुठल्याही दूधबंदीने भरून निघणार नाही. पण हप्ते चुकले तर सोन्याचा लिलाव होतो, आणि ते सोनं बहुतेक वेळा बाईचं असतं. म्हणून तिला पूर्ण हिशेब दाखवून, तिच्या संमतीने, कर्ज तिच्या नावावर घेऊन आणि कार्ड कायमचं बंद करूनच हे करा. कार्ड चालू ठेवलं तर वर्षाने सोनंही गहाण आणि 60,000 पुन्हा उभे.

शेजारच्या घरात त्या रात्री कागद पूर्ण झाला तेव्हा शेवटी एक ओळ राहिली होती. नवऱ्याने एका ॲपवरून 18,000 घेतले होते, बायकोला माहीत नव्हतं. तो बराच वेळ गप्प होता, मग स्वतःच्या हाताने त्याने ती ओळ लिहिली. ती चिडली, उठून गेली, परत आली आणि सगळ्यांत आधी कोणतं फेडायचं ते तिने ठरवलं.

येत्या रविवारी चौपाटीवर यायचा बेत असेल तर जरूर या, भजी खा, पैसे तिथल्या बाईच्या हातात द्या. पण त्याआधी सकाळी तासभर घरातली सगळी माणसं बसवून हा एक कागद लिहा. लपवलेलं कर्जसुद्धा त्यावर येऊ द्या. आणि मुलांचं दूध पूर्वीइतकंच चालू ठेवा.