सोबत कोण आलंय?

सोलापूरकर मोठा माणुसकीचा, यात दुमत नाही. चाकाच्या खुर्चीतला कुणी सरकारी कचेरीच्या पायऱ्यांशी थांबला, की टपरीवरचे दोघे, झेरॉक्सवाला आणि दारातला एजंट असे चौघे चहा टाकून धावतात. ‘मामा, काळजी करू नका, उचलतोच!’ म्हणत खुर्चीसकट माणूस वर. पायऱ्यांशेजारी उतार का नाही, हे चौघांपैकी एकही विचारत नाही. विचारायचं कशाला? आम्ही आहोत ना उचलायला!

वर साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘सोबत कोण आलंय?’ अर्ज दिव्यांगाचा, सही दिव्यांगाची, बोलणं मात्र सोबत्याशी. ‘यांना ऐकू येतं का हो?’ हे पाय अधू असलेल्या माणसाबद्दल. तो एकटाच आला असेल तर, ‘घरी कुणी नाही का?’ मागची रांग मान डोलावते. साहेबांना किती ती काळजी!

तेव्हा शासनाने आता ‘सोबत्याचा दाखला’ सुरू करावा. मिळण्याचे ठिकाण : दुसरा मजला. अट एकच, अर्जदाराने येताना सोबती आणावा.

कायद्याला मात्र नावं ठेवायला जागा नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने उताराची सोय ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ करायला सांगितली. ती क्षमता स्वागतकमानी उभारताना असते, उताराच्या वेळी नेमकी संपते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मुदतच घातली : नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सार्वजनिक इमारती सुगम करा. नियम जून २०१७ मध्ये आले. मुदत २०२२ मध्ये वारली. तिच्या पुण्यतिथीला कुणी साधा हारही घालत नाही. शेवटी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की नुसत्या शिफारशी पुरणार नाहीत, सुगमतेचे किमान निकष बंधनकारक करा. शिफारस म्हणजे सवडीने, असं कचेरीत कुणीही सांगेल.

मधल्या काळात, जानेवारी २०१६ मध्ये, सोलापूर स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं. आपल्या फुटपाथवर मोटारसायकल सहज चढते. चाकाची खुर्ची तेवढी खाली राहते. एसटी दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सूट देते. पायरीच्या उंचीत इंचाचीही नाही.

मुंबईही मागे नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या विराली मोदी लग्नाच्या नोंदणीसाठी खारच्या कार्यालयात गेल्या. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अधिकारी खाली उतरायला तयार नाहीत. वधूला उचलून वर न्यावं लागलं. बोभाटा झाला, उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. ती वधू समाजमाध्यमांवर बोलली म्हणून. बाकीचे ‘चालायचंच’ म्हणून गप्प बसतात आणि त्यांच्या समजूतदारपणाचं आपण कौतुक करतो.

तीन डिसेंबरला, दिव्यांग दिनी, तर आपल्या मायेला पूर येतो. सोलापुरी चादर, नारळ, फोटो. व्यासपीठाला अर्थातच पायऱ्या. सत्कारमूर्तीला उचलायला तेच चौघे हजर.

चौघांनी उचलून न्यायची वेळ माणसावर एकदाच यावी, तीही त्याला कळणार नाही अशी. आपण ती दिव्यांगांवर प्रत्येक दाखल्यासाठी आणतो, आणि खाली ठेवल्यावर त्यांनी आभार मानले नाहीत तर म्हणतो, ‘माणसाला जाण म्हणून नाही!’