आजोबांचा शेअर, नातवाचा कॉल

बारामती-इंदापूरच्या माणसाला दीर्घ मुदतीची गुंतवणूक कोणी शिकवू नये. आडसाली ऊस तो दीड वर्ष सांभाळतो, मग तोडीची वाट बघतो, मग बिलाची. माळेगाव नाहीतर भवानीनगर कारखान्याचा आजोबांच्या नावचा शेअर विकायचा असतो, हे तर घरात कुणाच्या स्वप्नातही येत नाही. त्यावर सवलतीची साखर मिळते. परतावा म्हणावा तर गोडच.

याच घरातले चिरंजीव मात्र मोटार चालू करून बांधावर निफ्टीचा कॉल घेतात आणि वाफा भरायच्या आत विकतात. सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि सगळ्यांनी मिळून निव्वळ १.८ लाख कोटींहून अधिक रुपये घालवले. कमावले ते मुख्यतः बड्या संस्थांच्या संगणकांनी. त्यांची लाईट जात नाही.

आकडा ऐकून चिरंजीव वडिलांना म्हणाले, “नाना, ते ९३ टक्के अडाणी असतात.” आणि उरलेल्या सातांत बसायला टेलिग्रामवरच्या एका गुरूची वर्गणी भरली. पैसे कुठून आले, हे नानांनी विचारलं नाही. उसाची पहिली उचल कमी का, हे मात्र कारखान्यावर जाऊन भांडून आले.